दोनच काडतुसं

ग्रँड रॅपिड्स, मिशिगन
ऑगस्टअखेर

चि. बाळास,



रविवारी फोनवर तू विचारलंस, "मामा, घेऊ का?" आणि मी "थांब, लिहितो" एवढंच म्हणालो. तुला ते तुटक वाटलं असेल. पण तू पाठवलेले सहाही फोटो मी रात्री पुन्हा पुन्हा पाहिले. बंदूक देखणी आहे यात शंका नाही. अक्रोडाच्या दस्त्यातल्या रेषा उदबत्तीच्या धुरासारख्या वर गेल्यात, पोलादावर वेलबुट्टी आहे, कोपऱ्यात एक सेटर कुत्रा पाय उचलून उभा कोरलाय. माझंही मन क्षणभर तिच्यावर जडलं. तरी सांगतो, अजून पैसे देऊ नकोस. दुनळी फोटोवरून घ्यायची वस्तू नाही, आणि तुझी पहिली दुनळी तर मुळीच नाही.

आधी कायद्याचं बोलतो, म्हणजे पुढचं मोकळ्या मनानं बोलता येईल. तुझं ग्रीनकार्ड आलंय, तुझा प्रश्न नाही. पण तुझ्याबरोबर यायचं म्हणणारा तो मित्र अजून एच-वन-बीवर आहे ना? तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला इथल्या केंद्रीय कायद्यानं बंदूक जवळ बाळगता येत नाही. मुदतीतला शिकारीचा परवाना त्याच्याकडे असेल तर अपवाद आहे. तेव्हा "जरा माझी धर, मी बूट बांधतो" असंही परवान्याशिवाय करायचं नाही. एवढ्याशा गोष्टीनं त्याचं इथलं सगळं बस्तान उठू शकतं. मिनेसोटात 1979 नंतर जन्मलेल्यांना सुरक्षा-प्रशिक्षणाचा दाखला लागतो, तो तू काढलास हे ताईकडून कळलं. बरं वाटलं.

ताईला या सगळ्याची काळजी वाटते हे मला ठाऊक आहे. तिला आणि मला दुनळी म्हटलं की बाबांची बंदूक आठवते. शेताच्या राखणीसाठी परवाना होता. हरभऱ्यात रानडुकरं शिरायची. एरवी ती मागच्या खोलीत खुंटीला टांगलेली असे, काडतुसं वेगळ्या पेटीत आणि पेटीची किल्ली आईच्या कमरेला. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायची, पावती जपून ठेवायची, निकाल लागला की परत आणायची. मी लहान असताना बाबा हिवाळ्यात कधीमधी एखादा तित्तर आणत. 1972चा वन्यजीव कायदा आला आणि त्यांनी पाखरांवर नेम धरणं सोडलं. 1991च्या दुरुस्तीनं तर परवान्याची वाटही बंद झाली. ते योग्यच झालं. आपल्याकडे रान किती उरलंय आणि माणसं किती आहेत, याचा हिशेब ज्याला कळतो त्याला त्यात वावगं दिसणार नाही. भारतात गेल्यावर कुणी "शेतावर चल, एखादा लावा मारू" म्हणालं तर हात जोडून नाही म्हण.

इथली गोष्ट वेगळी आहे, आणि ती तुला पुरती माहीत असायला हवी. इथं प्रत्येक लांब बंदुकीवर आणि काडतुसांच्या प्रत्येक डब्यावर 11 टक्के केंद्रीय कर बसतो, आणि 1937च्या कायद्यानुसार तो पैसा रानाच्या आणि जनावरांच्या राखणीसाठी राज्यांना मिळतो. हा कर शिकाऱ्यांनी स्वतःहून उचलून धरला. का, ते पुढं येईल.

आता तुझा खरा प्रश्न. तू विचारलंस, "पाच काडतुसांची पंप बंदूक निम्म्या किमतीत मिळते, एकावर एक नळ्यांची बंदूक मातीच्या चकत्या फोडण्यात सरस ठरते, मग लोक या जुन्या शेजारी-शेजारी नळ्यांच्या बंदुकीसाठी एवढे वेडे का होतात?"

मी पस्तीस वर्षं डाय बनवण्याच्या कामात काढली. साच्याचे दोन भाग एकमेकांवर नीट बसतात का हे पाहायला आम्ही एका भागावर निळा रंग अगदी पातळ फासायचो. दोन्ही मिटवायचे, उघडायचे. जिथं निळा डाग उठला तिथं उंचवटा. तेवढाच घासायचा. पुन्हा रंग, पुन्हा मिटवणं, पुन्हा घासणं. असं दिवसभर चालायचं. पुढं कधीतरी वाचनात आलं की लंडनचे बंदूककार शंभर-दीडशे वर्षं हेच करत आलेत, फक्त निळ्या रंगाऐवजी दिव्याची काजळी वापरून. नळ्यांच्या बुडाला काजळी धरायची, बंदूक मिटवायची, उघडायची, काळा डाग पडला तिथं कानशीचा एक हलका हात मारायचा. असं करत करत अशी वेळ येते की काजळी सगळीकडे सारखी उठते. तेव्हा ती बंदूक मिटताना जो आवाज येतो तो एकदा ऐक. जुन्या, चांगल्या कडीच्या डब्याचं झाकण बसतं तसा तो आवाज असतो, जड आणि बंद. मी तो पहिल्यांदा ऐकला 1980च्या दशकात, एका म्हाताऱ्या सहकाऱ्याच्या तळघरात. त्यानं काही न बोलता बंदूक उघडली, रिकामी आहे हे मला दाखवलं, मिटवली आणि माझ्या हातात दिली. त्या दिवशी माझं ठरलं.

नळ्यांचंही तसंच. लोकांना वाटतं दोन नळ्या समांतर जोडल्या की झालं. समांतर जोडल्या तर शेजारी-शेजारी असल्यामुळे त्यांचा मारा एका जागी पडत नाही. म्हणून त्या तोंडाकडे किंचित एकमेकींकडे झुकवून जोडतात. तीसेक-चाळीस यार्डांवर दोन्हींचे छर्रे एकाच ठिकाणी पडले पाहिजेत. मागच्या टोकाला नळ्या पितळेनं डाखलेल्या, मधल्या पट्ट्या कथलानं. हे सगळं एक माणूस डोळ्यानं आणि हातानं जुळवतो, मग बंदूक झाडून पाहतो, पुन्हा जुळवतो. बाहेरून दिसत नाही त्या जागी इतकं काम आहे. कोरीवकाम हे शेवटचं, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात कमी महत्त्वाचं.

बाजूच्या पत्र्याखाली यंत्र असेल तर साइडलॉक, मधल्या पोलादी पेटीत असेल तर बॉक्सलॉक. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्सकडे काम करणाऱ्या अ‍ॅन्सन आणि डीली या दोघांनी 1875 मध्ये बॉक्सलॉकचं पेटंट घेतलं. भाग कमी, रचना सोपी, मजबूत. पुढं जगभर तेच चाललं. लंडनच्या पर्डी कंपनीची साइडलॉक ज्या रचनेवर बनते ती फ्रेडरिक बीसलीनं 1880 मध्ये शोधली आणि पर्डीला विकली, आजही तीच आहे. नवी पर्डी म्हणजे एका घराची किंमत, तेव्हा तिच्याबद्दल आपण इथंच थांबू. साइडलॉक नसली तर बंदूक हलक्या प्रतीची, असं तुला कुणी सांगितलं तर मान डोलव आणि बॉक्सलॉकच घे.

अमेरिकेतही हे काम होत होतं आणि उत्तम होत होतं. कनेक्टिकटमधल्या मेरिडन गावात पार्कर, फिलाडेल्फियात फॉक्स, न्यूयॉर्क राज्यात एल. सी. स्मिथ, इथाका, लिफीव्हर. एकट्या पार्करनं सुमारे 2,42,000 दुनळ्या बनवल्या. मग विंचेस्टरची पंप आली, ब्राउनिंगची ऑटोमॅटिक आली, 1929 ची मंदी आली. जी वस्तू काजळी लावून हातानं बसवायची तिचा खर्च यंत्रावर निघणाऱ्या वस्तूशी जुळेना. 1929 मध्ये फॉक्स सॅव्हेजकडे गेली, 1934 मध्ये पार्कर रेमिंग्टनकडे, आणि दुसऱ्या महायुद्धात पार्करचं काम थांबलं ते थांबलंच. माझ्यासारख्या कारखान्यात राबलेल्या माणसाला ही यादी वाचवत नाही. प्रत्येक नावामागं हात होते, आणि त्या हातांतलं कसब पुढच्या पिढीला द्यायला कुणी उरलं नाही.

माझी फॉक्स स्टर्लिंगवर्थ तू पाहिली आहेस. कंपनीची सगळ्यात साधी बंदूक. कोरीवकाम म्हणाल तर जवळजवळ नाहीच. पण नळ्या, यंत्र, मिटण्याची घडण महागड्या फॉक्सचीच. तुला माझा पहिला सल्ला हाच: जेवढे पैसे आहेत तेवढ्यात चांगल्या घराण्याची साधी बंदूक घे, हलक्या घराण्याची नटलेली नको. स्पेनमध्ये एइबार नावाच्या गावी आजही चांगल्या दुनळ्या बनतात. तिथल्या एवायए कंपनीची जुनी बॉक्सलॉक मिळाली तर जरूर बघ.

आता दुनळी रानात काय करते ते सांगतो, कारण तुझी खात्री तिथंच पटेल.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा धर. दहा-वीस वर्षांचं कोवळं अ‍ॅस्पेनचं रान, इथले लोक त्याला पॉपल म्हणतात. खोडं मनगटाएवढी, इतकी दाट की खांदा तिरपा करून चालावं लागतं. माझ्या कुत्रीच्या गळ्यातली घंटा पुढं कुठंतरी वाजतेय. अचानक घंटा थांबते. म्हणजे तिला वास लागला, ती उभी राहिली. तू तिच्याकडे जायला लागतोस, छाती धडधडते, आणि तुझ्या पायापासून पंधरा यार्डांवर जमीन फुटावी तसा आवाज होतो. ग्राऊस, इथला रानपक्षी, उठला. तुला जेमतेम दीड सेकंद मिळतो. तेवढ्यात तो झाडांमागं जाणार. या दीड सेकंदात तू नेम धरत नाहीस. बोट दाखवतोस तशी बंदूक दाखवतोस. जी बंदूक दोन हातांच्या मध्ये तोललेली आहे ती तुझी नजर गेली तिथं आपोआप जाते. जिचं वजन पुढं आहे ती मागं राहते. दोन शेजारी-शेजारी नळ्या, वर सपाट, उंची कमी, त्यामुळे पुढचा हात नळ्यांच्या अगदी जवळ असतो. पुढच्या हातानं जणू पाखरालाच स्पर्श करतोय असं वाटतं. हे कागदावर पटणार नाही, हातात घेतल्यावर पटेल.

आणि दोन चाप. सुरुवातीला तुला ते अडचणीचं वाटेल. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. उजव्या नळीचं तोंड मोकळं, छर्रे लवकर पसरतात, जवळच्या पाखराला. डाव्या नळीचं तोंड जरा आवळलेलं, त्याला चोक म्हणतात, लांबच्या पाखराला. पाखरू पायाशी उठलं की पुढचा चाप. कुत्रीनं लांब उठवलं की बोट मागच्या चापावर. एकाच बंदुकीत दोन बंदुका आहेत आणि निवड करायला बोट एक इंच सरकवायचं, एवढंच. म्हणूनच इंग्रजी दस्त्याला पिस्तुलासारखी मूठ नसते, तो सरळ असतो. हात सरळ लाकडावरून मागं सरकतो. गेल्या काही वर्षांत एका चापाच्या दुनळ्याच जास्त दिसतात. तू दोन चापांचीच घे. दोन आठवड्यांत बोटाला सवय होईल आणि मग तुला दुसरी चालणार नाही.

बोअर किती, म्हणालास. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा गेज, वीस केल्या तर वीस गेज. म्हणून आकडा वाढला की नळी लहान. आता इंग्रज बंदूककारांचा एक जुना ठोकताळा आहे: छर्ऱ्यांच्या वजनाच्या 96 पट बंदुकीचं वजन असावं. एक औंस छर्ऱ्यांना सहा पौंडांची बंदूक. त्याहून हलकी असली तर खांदा बडवते, जड असली तर संध्याकाळी हात खाली येतात. ग्राऊस आणि वुडकॉकसाठी एक औंस पुरेसा आहे. तेव्हा सहा पौंडांच्या आसपासची 16 किंवा 20 गेज शोध. माझी 16 आहे. फेझंटच्या मागं दक्षिण डकोटात जायचं तुझ्या मनात असेल तर थोडी जड 12 घे, पण एकच बंदूक असू दे, आणि तिच्याशी ओळख वाढू दे.

मापाचं मात्र मनावर घे, कारण तिथं आपल्या लोकांची हमखास फसगत होते. जुन्या अमेरिकन बंदुकांचे दस्ते लांब आणि मागं फार उतरते असायचे. मी पाच फूट पाच इंच. माझी पहिली बंदूक खांद्याला लावली की मान वर करावी लागायची, कोटाच्या बाहीत दस्ता अडकायचा, आणि प्रत्येक बारानंतर गालाच्या हाडावर ठोसा बसायचा. सगळा एक हंगाम मी निळा गाल घेऊन कामावर जात होतो आणि दोष स्वतःच्या नेमाला देत होतो. दोष दस्त्याचा होता. दुनळीला मागची माशी नसते, तुझा डोळाच मागची माशी. गाल जिथं टेकतो तिथं डोळा नेमका नळ्यांच्या मधोमध यायला हवा. घरी असं करून बघ: बंदूक उघड, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी आणि बोटांनी तपास, मग आरशासमोर उभा राहा, डोळे मिट, बंदूक सावकाश गालाला आणि खांद्याला लाव, डोळे उघड. आरशात नळ्यांच्या वर तुझा डोळा पूर्ण दिसला पाहिजे. नळ्यांआड गेला तर तुझे छर्रे खाली पडणार, नळ्यांची पट्टीच लांबवर दिसू लागली तर वर. बाजूला सरकला तर दस्ता वाकवून घ्यावा लागेल. लाकूड वाकवता येतं. गरम तेल आणि धीर लागतो, आणि हे काम जाणणारा माणूस. लांबी कमी करणं सोपं. म्हणून बंदुकीच्या किमतीतले तीन-चारशे डॉलर या कामासाठी बाजूला ठेव.

आता माझी फसगत सांगतो, तिच्यातून तुझे पैसे वाचावेत. वीसेक वर्षांपूर्वी एका दुकानात मला एक दुनळी दिसली. पोलादावर निळे-तपकिरी ढग उठलेले, नव्यासारखे. दुकानदार म्हणाला, कुणी वापरलीच नाही. मी भुललो आणि बऱ्यापैकी पैसे मोजले. घरी नीट उजेडात पाहिलं तर ढग खोटे, नंतर तापवून काढलेले. स्क्रूंच्या खाचा चुरगळलेल्या. चांगल्या बंदुकीच्या स्क्रूंच्या खाचा सगळ्या एका दिशेला, नळ्यांच्या रेषेत असतात, आणि कडा धारदार असतात. इथं प्रत्येक खाच वेगळीकडे तोंड करून होती. मग मी पुढचं लाकूड काढलं, नळ्या आणि दस्ता हलवून पाहिला, आणि बिजागरीशी हलकी खटखट लागली. ती बंदूक फार झाडली गेली होती. दुकानदारानं परत घ्यायला नकार दिला. नंतर एका जाणकाराकडे नेली तेव्हा त्यानं नळ्यांची जाडी मोजली आणि सांगितलं, खड्डे काढण्यासाठी आतून इतकं घासलंय की हिच्यात काडतूस घालू नका. ती अजून माझ्या तळघरात आहे. मी ती कुणाला विकली नाही, कारण मग दुसऱ्या कुणाची अशीच फसगत झाली असती.

म्हणून सांगतो, बंदूक हातात घेतल्याशिवाय घेऊ नकोस. नळ्या सोडव, मागच्या आकड्यापाशी एका बोटावर लोंबकळव, दुसऱ्या हाताच्या नखानं हलकी टिचकी मार. देवळातल्या घंटेसारखा ठणका उठला तर जोड शाबूत. भांड्याला चीर गेल्यासारखा बद्द आवाज आला तर पट्टीचा डाख सुटलाय. मग नळी खिडकीकडे धर आणि आतून प्रकाशाची वर्तुळं बघ. कुठं वर्तुळ मोडलं तर तिथं पोचा. पुढचं लाकूड काढून हलव, खटखट चालणार नाही. शेवटी नळ्यांची जाडी आणि काडतुसाच्या घराची लांबी जाणकाराकडून मोजून घे. या मापासाठी त्याला पैसे दे, घासाघीस करू नकोस.

काडतुसाच्या घराची गोष्ट तुला नीट कळायला हवी, कारण ती जिवाशी गाठ आहे. जुन्या इंग्रजी बंदुका अडीच इंची काडतुसासाठी बनलेल्या. जुन्या अमेरिकन 16 गेजचं घरही आजच्या पावणेतीन इंची काडतुसाहून आखूड असायचं. फसवं असं आहे की आजचं लांब काडतूस त्या आखूड घरात सहज बसतं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं. उडालं की दुमड उघडते, पुढच्या अरुंद जागेत शिरते आणि दाब वाढतो. बंदूक मिटली म्हणजे काडतूस योग्य आहे असं समजू नकोस. आणि नळीवर जरीच्या पदरासारखी नागमोडी नक्षी दिसली तर ती दमास्कस, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून केलेली, काळ्या दारूच्या काळातली. तिचं सौंदर्य डोळे भरून बघ. आजची काडतुसं तिच्यात घालू नकोस.

दुसरी एक सवय आत्ताच लाव. 20 गेजची काडतुसं पिवळी असतात. पिवळं काडतूस चुकून बारा गेजच्या नळीत पडलं तर ते आत सरकून थोडं पुढं अडकतं, मागून नळी रिकामी दिसते, माणूस त्यामागं बाराचं काडतूस घालतो, आणि नळी हाताजवळ फुटते. म्हणून खिशात कधीही दोन मापांची काडतुसं ठेवायची नाहीत. घरातसुद्धा एका कपाटात नाहीत.

जुन्या नळ्यांत पोलादी छर्रे घालू नयेत, ते कडक असतात, नळ्यांवर ओरखडे उठवतात. पाणपक्ष्यांसाठी शिसं इथं 1991 पासून बंदच आहे. तुमच्या मिनेसोटात पाणपक्ष्यांसाठी राखलेल्या केंद्रीय जमिनींवर फेझंटच्या मागं गेलास तरी शिसं चालत नाही. तिथं बिस्मथची काडतुसं घे. महाग आहेत, पण दिवसाला किती झाडणार आहेस?

हा प्रश्न मी सहज विचारला नाही. पंप बंदुकीत पाच असतात. तुझ्या दुनळीत दोनच. दोन झाडले की तुला थांबावंच लागतं, बंदूक उघडावी लागते, रिकामी काडतुसं काढावी लागतात, आणि तेवढ्यात पाखरू गेलेलं असतं. वुडकॉकसारख्या स्थलांतरी पाखरांसाठी कायद्यानं कुठल्याही बंदुकीत तीनहून जास्त काडतुसं ठेवता येत नाहीत, पंप बंदुकीत त्यासाठी लाकडी खुंटी घालावी लागते. दुनळीला खुंटी लागत नाही. हा नियम का आला हे तुला कळावं म्हणून एकदा पेटोस्कीला घेऊन जाईन. माझ्या घरापासून तीन तासांवर. 1878 मध्ये तिथल्या रानात प्रवासी कबुतरांची अफाट वसाहत बसली होती. बाजारासाठी जाळी आणि बंदुका लावून माणसांनी ती कापून काढली, आगगाडीनं डबेच्या डबे भरून पाठवली. शेवटचं प्रवासी कबुतर 1914 मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. ज्या शिकाऱ्यांनी पुढं 11 टक्क्यांचा कर उचलून धरला ते याच लाजेतून शहाणे झाले होते. तू हातात बंदूक घेशील तेव्हा हा इतिहास तुझ्याही नावावर लागतो.

म्हणून मिशिगनमध्ये दिवसाला तीन वुडकॉकची मर्यादा असली तरी मी दोनवर थांबतो. वुडकॉक पहिल्यांदा हातात घेशील तेव्हा समजेल. मुठीएवढं पाखरू, रंग हुबेहूब वाळल्या पानांचा. चोच अडीच-तीन इंच लांब आणि तिचं टोक मातीत खुपसल्यावर वेगळं उघडतं, गांडूळ पकडायला. डोळे डोक्याच्या इतके मागं आणि वर की चोच मातीत असतानाही त्याला मागचं दिसतं. ते अजून ऊबदार असतं. अशा वेळी कुणी फोटो काढायला लागलं तर काढू दे, पण तू आधी त्याची पिसं सारखी कर. घरी आल्यावर ते स्वतः सोल, स्वतः शिजव. मामी त्याला थोडं आलं-मिरे लावून तुपात परतते. ताईला सांगू नकोस.

एक पाखरू मात्र मी अजून मारलेलं नाही आणि मारेन असं वाटत नाही. इथल्या पश्चिमेच्या कोरड्या डोंगरांत, नेवाडा-आयडाहोकडे, चुकार नावाचा तित्तर आहे. तो मूळचा आपल्या उपखंडातला, गेल्या शतकात इथं आणून सोडला आणि खडकाळ उतारांवर तो रुजला. चुकार म्हणजे आपला चकोर, ज्ञानेश्वरीत चांदण्यातले अमृतकण वेचणारा तोच. एकदा मित्रांबरोबर मी नेवाडात गेलो होतो. पहाटे उतारावरून त्याची हाक आली, "चुक-चुक-चुकर", आणि मला आजीचा आवाज आठवला, ती पहाटे ओव्या म्हणायची. मी बंदूक उघडून हातावर टाकली आणि बसून ऐकत राहिलो. तू गेलास तर तुझं तू ठरव.

हो, ते सांगायचं राहिलं. चालताना, बोलताना, कुंपण ओलांडताना बंदूक उघडी, हातावर मोडलेली. दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे दहा पावलांवरच्या माणसालाही दिसतं. दुनळीचा हा गुण मला सगळ्यात मोठा वाटतो. कुंपणाशी तू तिची काडतुसं काढलीस आणि मी पाहिली, माझी मी काढली आणि तू पाहिलीस, मग दोघं ओलांडायचं. बाबांनी मला शेताच्या बांधावर हेच शिकवलं होतं. अंगावर केशरी जाकीट आणि टोपी हवीच.

आता त्या फोटोतल्या बंदुकीचं. विकणाऱ्याला लिही की नळ्यांची जाडी, घराची लांबी आणि दस्त्याची मापं कळव, आणि तीन दिवस पाहून परत करायची मुभा दे. मुभा देत नसेल तर सोडून दे. दुसरी मिळेल.

मिशिगनमध्ये ग्राऊस 15 सप्टेंबरला खुला होतो, पण तेव्हा पानं फार असतात, काही दिसत नाही. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ये, शुक्रवारी रात्री. बाहेरच्या राज्यातल्या माणसाचा परवाना आधी काढून ठेव. बूट नवे असतील तर आत्तापासून रोज घाल. माझी स्टर्लिंगवर्थ तू घे, मी जुनी 20 घेईन. कुत्री आता अकरा वर्षांची आहे, दुपारनंतर लंगडते, तेव्हा सकाळीच निघू आणि तिच्या चालीनं चालू. पहिला दिवस तू काडतूस न घालता माझ्याबरोबर फक्त चाल. घंटा थांबली की कुठं बघायचं ते मी दाखवतो.

ताईला नमस्कार सांग. तिला हे पत्र वाचायला दिलंस तरी चालेल, वुडकॉकच्या पिसांपुढची तीन वाक्यं सोडून.

तुझा,
मामा